आवाज एक, आकडे पाच

मित्रहो, "आवाज किती आहे?" हा प्रश्न व्हायवातल्या पहिल्या प्रश्नासारखा सोपा वाटतो. मीटर घ्यायचा, उभं राहायचं, आकडा वाचायचा, जर्नलमध्ये उतरवायचा आणि सरांची सही घ्यायची. मेसमधल्या एक्झॉस्ट फॅनचा किंवा हॉस्टेलमागच्या जनरेटरचा आवाज असा मोजता येतो, कारण तो दहा मिनिटे तसाच चालू राहतो. पण आवाज बंदुकीच्या गोळीचा असेल तर? मुख्य धमाका काही मिलिसेकंदांत संपतो. तुम्ही मीटरकडे बघेपर्यंत तो झालेलाही असतो. मग मीटरने दाखवलेला आकडा नक्की कशाचा?

हा प्रश्न फक्त लॅबपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. फायरिंग रेंजजवळ राहणाऱ्या माणसाने तक्रार केली की कोणीतरी मीटर घेऊन जातो, एक आकडा लिहितो, आणि त्या आकड्यावर "मर्यादेत आहे" किंवा "मर्यादेबाहेर आहे" असा शेरा पडतो. त्या शेऱ्यावर एखाद्या घराची झोप किंवा एखाद्या प्रशिक्षण केंद्राचा सराव अवलंबून असतो. मोजणारा इंजिनिअर असतो. उद्या तो तुमच्यापैकी कोणी असेल. म्हणून हा अभ्यास.

रेंज कुठे असतात?

आपल्या भागाला बंदुकीचा आवाज नवा नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, आणि जवळच नानवीजला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. शिपाई घडवायचा म्हणजे गोळीबाराचा सराव आलाच. शिरूर ओलांडून नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) गेलं की लष्कराची के. के. रेंज लागते. तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी उभारलेल्या क्रीडानगरीत शूटिंग रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, त्याच जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. तेव्हा रेंज नकोच, असं म्हणून चालणार नाही. रेंज हवी, आणि शेजारच्या वस्तीला झोपही हवी. दोन्ही बाजूंना मान्य होईल असे मोजमाप ही पहिली पायरी.

नमुन्यासाठी कासुर्डी

अभ्यासासाठी एक गाव घेऊ. दौंड तालुक्यातली कासुर्डी (भोर तालुक्यातली नव्हे). पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्याहून निघालं की उरुळी कांचन मागे पडल्यावर, यवतच्या अलीकडे हे गाव येतं. एका बाजूला महामार्गाची घरघर, जवळून पुणे-दौंड लोहमार्ग, मध्ये उसाचे मळे, पलीकडे उघडा माळ आणि मळ्यांतून विखुरलेल्या वस्त्या. आवाजाच्या अभ्यासाला लागणारं सगळं इथे आहे. इथे रेंज आहे असा दावा नाही. पुढचे आकडे गणितासाठी मानलेले आहेत, मोजलेले नाहीत. फक्त जमीन, हवा आणि नियम खरे आहेत.

तर समजा, माळावर एक रेंज आहे. सर्वांत जवळची वस्ती ८०० मीटरवर. सकाळी दोन तास सराव चालतो आणि त्यात ५०० गोळ्या झाडल्या जातात.

एका गोळीत दोन आवाज

गोळी सुटते तेव्हा नळीच्या तोंडातून गरम वायू एकदम बाहेर फुटतो. तो "धुम्म" आवाज म्हणजे नळीचा धमाका. तो सगळीकडे पसरतो, पण सारखा नाही. नळीच्या पुढच्या बाजूला जास्त, मागे कमी. पुढच्या आणि मागच्या घरात, अंतर तेवढेच असूनही, दहा-पंधरा डेसिबलचा फरक पडू शकतो.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. २५ अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. ती आवाजाच्या पुढे पळते आणि बोट पाण्यात मागे लाट सोडते तशी हवेत शंकूच्या आकाराची लाट सोडत जाते. शंकूच्या अर्ध्या कोनाचा साइन म्हणजे ३४६ भागिले ९००, म्हणजे कोन साधारण २२ ते २३ अंश. ही "टक्" अशी चाबकासारखी लाट फक्त पुढच्या बाजूच्या पट्ट्यात पोचते. रेंजच्या मागे राहणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. म्हणून एकाच रेंजबद्दल एका वस्तीवरचे काका "एकच आवाज येतो" म्हणतात आणि दुसऱ्या वस्तीवरच्या मावशी "दोन येतात" म्हणतात. दोघेही बरोबर असतात. खेळातल्या पॉइंट टू-टू रायफलची स्पर्धेची गोळी बहुधा आवाजापेक्षा हळू जाते, त्यामुळे तिला हा दुसरा आवाज नसतो. पहिला धडा: मोजण्याआधी शस्त्र कोणतं, नळीचं तोंड कुठे आणि घर कोणत्या बाजूला, हे लिहून घ्या.

मीटर काय दाखवतो?

साउंड लेव्हल मीटरवर तीन अक्षरे असतात: एस, एफ आणि आय. म्हणजे स्लो, फास्ट आणि इम्पल्स. आवाज वाढताना मीटर किती वेळाच्या हिशेबाने आकडा दाखवतो ते यावरून ठरते. स्लोला १ सेकंद, फास्टला १२५ मिलिसेकंद, इम्पल्सला ३५ मिलिसेकंद.

आता गंमत बघा. एका गोळीची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात भरली तर जो आकडा येईल त्याला साउंड एक्स्पोजर लेव्हल म्हणतात. आपण त्याला एसईएल म्हणू. समजा रेंजपासून १०० मीटरवर ए वेटिंगमध्ये (कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे) एसईएल ९३ डेसिबल आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात. १०० चे २०० मीटर, २०० चे ४००, ४०० चे ८००. तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबल कमी. वस्तीवर एसईएल ७५.

गोळीचा आवाज या तिन्ही वेळांपेक्षा फारच छोटा असल्याने मीटर ढोबळमानाने असे आकडे दाखवेल:

स्लोवर: ७५ + १० लॉग (१ ÷ १) = ७५
फास्टवर: ७५ + १० लॉग (१ ÷ ०.१२५) = ८४
इम्पल्सवर: ७५ + १० लॉग (१ ÷ ०.०३५) = ८९.६

गोळी तीच, घर तेच, मीटरही तोच. फक्त बटण बदललं आणि आकडा जवळजवळ १५ डेसिबलनी हलला. अहवालात नुसते "८४ डेसिबल" लिहिले आणि बटण कोणते ते लिहिले नाही, तर तो आकडा एकक न लिहिलेल्या उत्तरासारखाच. सर मार्क कापतात ते उगाच नाही.

सरासरीत हरवलेला धमाका

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (ए). दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ही मर्यादा एल-इक्यूची आहे, म्हणजे त्या काळातल्या एकूण ध्वनिऊर्जेची सरासरी.

सतत चालणाऱ्या आवाजाला ही सरासरी उत्तम लागू पडते. पुण्याच्या सीओईपीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक अनेक वर्षे गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजत आले आहेत. त्यांची सरासरी २०२२ साली १०५.२ डेसिबल होती, २०२४ साली ९४.८. सुमारे साडेदहा डेसिबलची घट म्हणजे ध्वनिऊर्जा अकराव्या हिश्श्यावर आली. ढोल आणि स्पीकरच्या भिंती तासन्‌तास वाजत असतात, म्हणून तिथे सरासरी खरी गोष्ट सांगते. विद्यार्थ्यांनी मोजलेला आकडा शहरभर चर्चेला येतो, हेही आपण लक्षात ठेवण्यासारखे.

तीच सरासरी आपल्या ५०० गोळ्यांना लावून बघू. दिवसाचे १६ तास म्हणजे ५७,६०० सेकंद.

एल-इक्यू = ७५ + १० लॉग (५००) − १० लॉग (५७,६००)
= ७५ + २७ − ४७.६
= ५४.४ डेसिबल (ए)

महामार्गाचा वगैरे मूळ आवाज ४५ धरून त्यात मिळवला तरी एकूण ५४.९ होतो. मर्यादा ५५. शेरा पडला: "मर्यादेत आहे."

आता वस्तीवरच्या आजींचा अनुभव बघा. मूळ आवाज ४५ चा, आणि दर पंधरा सेकंदांनी फास्टच्या हिशेबाने ८४ ची उडी. पाळण्यातलं बाळ दचकतं, धारेला उभी म्हैस बिथरते, दहावीची मुलगी पुस्तक मिटून बसते. त्यांना सांगितलं की सोळा तासांची सरासरी ५४.९ आहे, तर त्या म्हणतील, "बाबा, सरासरीत झोपायचं कसं ते पण सांग." सरासरीचे गणित चुकलेले नाही. प्रश्न वेगळा होता आणि उत्तर वेगळ्या प्रश्नाचे दिले गेले.

सरासरी फक्त सरावाच्या दोन तासांवर (७,२०० सेकंद) काढली तर?

७५ + २७ − ३८.६ = ६३.४

आता हा आकडा ५५ च्या वर गेला. तर एकाच रेंजचे, एकाच सकाळचे पाच आकडे झाले: ५४.४, ६३.४, ७५, ८४ आणि ८९.६. पाचही बरोबर. ज्याला जो सोयीचा तो उचलतो, आणि भांडण तिथेच सुरू होतं.

इतरांनी काय केलं?

क्षणिक आवाजाला वेगळी फूटपट्टी लागते हे आपल्या नियमांनाही ठाऊक आहे. फटाक्यांसाठी ऑक्टोबर १९९९ च्या अधिसूचनेत मर्यादा घातली ती सरासरीची नाही. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (ए, इम्पल्स) किंवा १४५ डेसिबल (सी, पीक). पीक म्हणजे हवेच्या दाबाचं खरं टोक, कुठलीही सरासरी न घेता. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालात फटाक्यांचाही विचार केला.

ब्रिटनमध्ये खेडेगावांत मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्याचा खेळ चालतो आणि घरे जवळ असतात. तिथे २००३ साली खास मार्गदर्शिका निघाली. अर्ध्या तासातले सर्वांत मोठे २५ आवाज घ्यायचे, फास्टवर, आणि त्यांची लॉगरिदमिक सरासरी काढायची. ती ५५ च्या खाली असेल तर त्रास होण्याची शक्यता कमी, ६५ च्या वर असेल तर खूप जास्त. आपल्या वस्तीचा आकडा या पद्धतीने ८४ येतो.

आयएसओ १९९६ हे आंतरराष्ट्रीय मानक तिसरा मार्ग सांगते. सरासरीच घ्या, पण बंदुकीसारखा तीव्र क्षणिक आवाज असेल तर त्यात १२ डेसिबल मिळवा, कारण माणसाला तो तेवढा जास्त टोचतो. ५४.४ अधिक १२ म्हणजे ६६.४. खास फायरिंग रेंजसाठी आयएसओ १७२०१ ही मालिकाही आहे. नळीचा धमाका, गोळीची लाट, आवाज दूरवर कसा जातो आणि रेंजने नियोजन कसं करायचं, असे तिचे वेगवेगळे भाग आहेत. लायब्ररीत मिळाल्यास जरूर चाळा.

प्रत्यक्ष मोजायचं झालं तर

समजा तुमच्या ग्रुपने हा प्रोजेक्ट घेतला. मग एवढं करा.

१. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो लहर वरून कापतो किंवा आपोआप पातळी कमी करतो. क्लास १ किंवा निदान क्लास २ चा मीटर घ्या, ज्यात पीक आणि एसईएल दोन्ही मिळतात.

२. आधी आणि नंतर कॅलिब्रेशन करा. कॅलिब्रेटर बहुधा १००० हर्ट्‌झला ९४ डेसिबल देतो. ९४ डेसिबल म्हणजे जवळजवळ १ पास्कल दाब, हे ओरलला सांगा, एक्स्टर्नल खूश होतील. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर ती मोजणी बाद.

३. मीटर ट्रायपॉडवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, भिंतीपासून किमान साडेतीन मीटर लांब. माइकवर स्पंजची टोपी हवीच. माळावरचा वारा माइकवर आपटून खोटा आवाज निर्माण करतो.

४. एक जण रेंजवर, एक जण वस्तीवर. रेंजवरच्याने प्रत्येक गोळीची वेळ, शस्त्र आणि संख्या लिहायची. ८०० मीटरला आवाज पोचायला २.३ सेकंद लागतात. घड्याळे जुळवलेली असली की कोणता टोला गोळीचा आणि कोणता महामार्गावर आपटलेल्या ट्रकच्या फाळक्याचा, ते लगेच कळतं. लेव्हल क्रॉसिंग किंवा रेल्वे जवळ असेल तर गाडीच्या वेळाही नोंदवा.

५. सराव नसलेल्या दिवशी त्याच वेळी मूळ आवाज मोजा. त्याशिवाय उडी किती होती ते सांगता येणार नाही.

६. रेंजच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवीच. लाल निशाण वर असताना बटच्या (निशाणामागच्या मातीच्या बांधाच्या) बाजूला फिरकायचं नाही. रिकामी काडतुसे किंवा पडलेलं काहीही आठवण म्हणून उचलायचं नाही. जो रेंजवर उभा राहील त्याने कानांना संरक्षण घालायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल पीक ही कमाल मर्यादा सांगितली आहे. फायरिंग पॉइंटवर ती सहज ओलांडली जाते.

गुऱ्हाळाचा धूर बघा

एका दिवसाची मोजणी पुरेशी नाही. कारण हवा. दुपारी जमीन तापते, खालची हवा गरम असते आणि आवाज वर वळतो. वस्तीवर तो कमी पोचतो. हिवाळ्यात पहाटे उलटं. जमिनीलगतची हवा गार, वरची त्यामानाने गरम, आणि आवाज वरून खाली वाकून लांबपर्यंत येतो. हे ओळखायला उपकरण नको. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर. पहाटे गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर सरळ वर न जाता उसाच्या शेंड्यांवर चादरीसारखा पसरलेला दिसला, की समजा आज आवाज लांब जाणार. वाऱ्याचंही तसंच. वारा रेंजकडून वस्तीकडे असेल तर आणि उलट असेल तर दहा डेसिबलचा फरक सहज पडतो.

जमीनही बदलते. उभा ऊस आणि नांगरलेली भुसभुशीत माती आवाज थोडा शोषते. तोड झाल्यावर, कडक उन्हाळ्यात दगडासारखी झालेली जमीन तो परत फेकते. म्हणून मे महिन्यात दुपारी एकदाच मोजून "मर्यादेत आहे" म्हणणे, आणि जानेवारीच्या पहाटे एकदाच मोजून "असह्य आहे" म्हणणे, दोन्ही अर्धवट. निदान तीन ऋतूंत, निदान सकाळ आणि दुपार, आणि प्रत्येक वेळी वारा व तापमान लिहून मोजा.

मग उपाय काय?

आकडे नीट मिळाले की उपायही आकड्यांतच बोलतात. गोळ्या निम्म्या केल्या तर सरासरीत फक्त ३ डेसिबल कमी होतात. प्रत्येक गोळीचा दचका तेवढाच राहतो. नळीचं तोंड वस्तीपासून फिरवलं तर प्रत्येक गोळीमागे दहा-पंधरा डेसिबलपर्यंत फायदा होऊ शकतो, तोही नकाशा काढतानाच, जवळजवळ फुकट. फायरिंग पॉइंटच्या अगदी जवळ उंच मातीचा बांध आणि डोक्यावर आवाज शोषणारे छत घातले तर नळीचा धमाका कमी होतो. मात्र गोळीची "टक्" लाट बांधापलीकडे वाटेतच जन्माला येते, तिला हा बांध फारसा अडवत नाही. त्यासाठी दिशाच बदलावी लागते.

आणि एक उपाय मीटरमध्ये दिसत नाही. सरावाचे वेळापत्रक आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणे, पहाटेऐवजी उशिरा सकाळी सुरू करणे, बोर्डाच्या परीक्षेचे दिवस टाळणे. आवाज कधी येणार ते ठाऊक असलं की माणूस कमी दचकतो. एल-इक्यूमध्ये याचा शून्य फरक पडतो, घरात मात्र पडतो.

तक्रारदारालाही नियमाचा आधार आहे. २००० च्या नियमांप्रमाणे आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक वर गेला तर सक्षम अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. पण पुन्हा तोच प्रश्न, कोणता आवाज, कशी सरासरी? म्हणून तक्रारीसोबत तारीख, वेळ आणि टोल्यांची संख्या लिहिलेली साधी वही जोडलेली बरी. शाळेतल्या पोरालाही ती ठेवता येते.

अहवालाचा शेवटचा परिच्छेद

तेव्हा मित्रहो, असा अहवाल लिहाल तेव्हा एक आकडा लिहून मोकळे होऊ नका. निदान चार गोष्टी शेजारी शेजारी मांडा: सोळा तासांची सरासरी, सरावाच्या काळातली सरासरी, फास्टवरचे सर्वांत मोठे २५ टोले, आणि पीक. खाली बटण, अंतर, दिशा, वारा आणि मूळ आवाज लिहा. नियमात काय बसतं ते सांगा, आणि नियम काय मोजत नाही तेही सांगा. निर्णय तहसीलदार घेतील, रेंजचे अधिकारी घेतील, नाहीतर न्यायालय घेईल. ते आपलं काम नाही. पण त्यांच्या टेबलावर पोचणारा कागद पुरा असणं हे आपलंच काम आहे.

सेमिस्टरची सबमिशन्स संपली की लॅबमधला मीटर बहुधा कपाटातच पडून असतो. इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांकडे विचारा, रजिस्टरवर सही करा आणि आधी हॉस्टेलच्या गच्चीवर टाळी वाजवून बघा. स्लो, फास्ट, इम्पल्स. टाळी एकच, आकडे तीन येतात का ते मोजा. मग पुढे कासुर्डी असो की दुसरं गाव, मीटर कोणत्या बटणावर ठेवायचा ते तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.